भोंगाच, पण आपला

तळेगाव ढमढेऱ्यात आकाशवाणीला नावं ठेवणं ही जुनी रीत. ‘सरकारी भोंगा’ म्हणायचं आणि हवामान, बाजारभाव मात्र त्याच भोंग्यावर कान देऊन ऐकायचे. पोस्टात दरवर्षी रेडिओच्या परवान्याचे पैसे भरणाऱ्याला तेवढा हक्क होताच.

पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ला. तेव्हाचे नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर. मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कैवारी. सिनेगीतं त्यांनी जवळजवळ हद्दपार केली. श्रोत्यांनी सुई मुकाट्यानं रेडिओ सिलोनवर नेली. १९५७मध्ये विविध भारती आली, ती बरीचशी या सुईच्या धाकानं.

त्याच काळात पुणे केंद्रानं दोन गोष्टी अशा केल्या, की शिव्या देणाराही गप्प बसावा. गीतरामायण सर्वांना ठाऊक आहे. दुसरी विस्मरणात गेली. १९५६च्या सुरुवातीला युनेस्कोच्या मदतीनं पुण्यासह पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम. मूळ कल्पना कॅनडाची. मंडळी कार्यक्रम ऐकत, त्यावर वाद घालत आणि शंका, हरकती केंद्राला कळवत. उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. सरकारी खात्यानं आपली उलटतपासणी आपणच मांडावी, हे मला आजही नवलाचं वाटतं. तो रिवाज टिकला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

टळलं नाही. आणीबाणीत ‘ऑल इंदिरा रेडिओ’ झाला. किशोरकुमारची गाणीसुद्धा बंद. वर्गीस समितीनं १९७८मध्ये आकाशवाणीला स्वायत्तता सुचवली. ती देणारा प्रसार भारतीचा कायदा १९९०चा, अंमल १९९७चा. मधे १९९५मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात लिहिलं, की प्रसारणाच्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. कागदावर मालकी मिळाली. पैशाच्या आणि नेमणुकांच्या किल्ल्या दिल्लीतच राहिल्या.

जून २०२३मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला. जिल्ह्यात ओरड झाली आणि आदेश थांबला. भोंगा म्हणणारेही त्या ओरडीत होते. त्यांना पुण्याच्या बातम्या पुण्याहूनच हव्या होत्या. मंत्र्यांची उद्घाटनं थोडी कमी आणि चासकमान धरणाच्या कालव्याचं पाणी कधी सुटणार हे थोडं जास्त, एवढंच त्यांचं म्हणणं.