कवीचे भुयार

गुहा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अजिंठा-वेरूळ उभे राहते. म्हणूनच अठराव्या शतकातील इंग्रज धनिकांनी आपल्या बागांतून कृत्रिम गुहा बांधल्या, हे वाचून मला प्रथम हसू आले. स्टूरहेडच्या बागेत हेन्री होर या सावकाराने १७४८ साली अशी एक गुहा रचली. आत झऱ्याकाठी निजलेली जलदेवता आणि तिच्यापाशी दगडात कोरलेल्या कवितेच्या ओळी. श्रीमंतांचा पोरखेळ, दुसरे काय?

पण त्या ओळी होत्या अलेक्झांडर पोपच्या, आणि त्याची स्वतःची गुहा ठाऊक झाली तेव्हा माझे हसू मावळले.

पोप कॅथॉलिक. त्या काळी कॅथॉलिकांना लंडनपासून दहा मैलांच्या आत राहण्याची व जमीन विकत घेण्याची कायद्याने बंदी होती. हाडांच्या क्षयाने पाठीला कुबड आलेले, उंची जेमतेम साडेचार फूट. होमरच्या भाषांतराने हाती पैसा आला, तेव्हा १७१९ साली त्याने टेम्सकाठी ट्विकनहॅम येथे जागा भाड्याने घेतली. घर नदीकडे, बाग पलीकडे आणि मध्ये रहदारीचा रस्ता! परवानगी काढून त्याने रस्त्याखालून भुयार खणले.

गरजेपोटी खणलेले हे भुयार पुढे त्याचा ध्यास झाले. भिंतींत त्याने शिंपले व आरशांचे तुकडे जडवले. दारे मिटली की नदी, टेकड्या, होड्या भिंतींवर हलत्या चित्रासारख्या उमटतात, असे त्याने १७२५ च्या एका पत्रात कळविले आहे. १७३९ नंतर त्याला खनिजांचे वेड लागले. विल्यम बोर्लेस कॉर्नवॉलहून दगड धाडी. हॅन्स स्लोनने आयर्लंडच्या किनाऱ्यावरील बसाल्टचे दोन तुकडे दिले. आपले वेरूळ ज्यात कोरले, त्याच जातीचा हा काळा पाषाण!

१७४४ साली पोप वारला. पुढे ते घर एका उमरावबाईंनी घेतले. कवीचे घर पाहायला येणाऱ्यांच्या वर्दळीला कंटाळून त्यांनी १८०८ साली ते पाडून टाकले. रस्त्याखालचे भुयार मात्र आजही शाबूत आहे.

ज्याला हातभर जमीन स्वतःची म्हणू दिली नाही, त्याचे जमिनीखालचे तेवढे राहिले. त्याला पोरखेळ म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही.