सर्चू ते पांग : एकट्या सायकलस्वाराचा एक दिवस

मनाली ते लेह हा सुमारे पावणेपाचशे किलोमीटरचा रस्ता मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात सायकलस्वारांच्या उपयोगाचा. मालवाहू ट्रक आणि लष्करी गाड्यांच्या या वाटेवर दर उन्हाळ्यात सारे सामान सायकलवर लादून एकटेच निघालेले प्रवासीही भेटतात. त्यांची खरी कसोटी लागते ती सर्चू ते पांग या टप्प्यात. अंतर साधारण ७५ ते ८० किलोमीटर. पण त्यात गाटा लूप्सची २१ वळणे आहेत, शिवाय नकी ला आणि लाचुलुंग ला या दोन खिंडी. लाचुलुंग ला तर ५,००० मीटरच्याही वर.

हिमाचल आणि लडाखच्या सीमेवरचे सर्चू सुमारे ४,२५० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपट उंचीवर आहे. ५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो आणि प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. पायांत कितीही ताकद असली, तरी इथला वेग छातीच ठरवते.

दिवस उजाडताच निघणे इथे फार महत्त्वाचे. ऊन वाढले की बर्फ वितळून रस्त्यावर येणारे नाले दुपारनंतर फुगतात, दऱ्यांमधून जोराचा वाराही सुटतो. सुरुवातीचे वीसेक किलोमीटर त्साराप नदीच्या कडेने बऱ्यापैकी सपाट जातात. इथे जोर लावून वेळ वाचवण्याचा मोह होतो. पण इथे दमलेला माणूस पुढच्या चढाला पुरत नाही.

गाटा लूप्सचा चढ सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीचा. जड ट्रकांना झेपावा म्हणून रस्ता नागमोडी काढलेला असल्याने तो अंगावर येत नाही, पण संपता संपत नाही. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन ५०० मीटर वर न्यायला सुमारे ४९० किलोज्यूल काम करावे लागते. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेच्या जेमतेम पाव भागाचेच कामात रूपांतर करते. म्हणून एवढ्या चढापायी पाचेकशे कॅलरी जळतात. पुढे लहान आणि मागे मोठे दातेरी चाक असा सर्वांत हलका गिअर टाकायचा, ताशी पाच-सहा किलोमीटरवर समाधान मानायचे आणि श्वासाची लय मोडू द्यायची नाही, हीच इथली रीत. उंचीवर भूक मरते, म्हणून भुकेची वाट न पाहता चिक्की, खजूर, बिस्किटे थोडी थोडी खात राहावी लागतात. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि पाणी किती गेले ते कळत नाही. त्यामुळे तहान नसतानाही घोटघोट पाणी प्यावे लागते.

लूप्स संपल्यावरही नकी लापर्यंत चढ चालूच राहतो. मग थोडा उतार, व्हिस्की नाला आणि पुन्हा लाचुलुंग लाची चढण. मनालीकडच्या दारचापासून लेहकडच्या रुम्त्सेपर्यंत वाटेत कायम वस्तीचे गाव नाही. जास्तीची ट्यूब, पंप, पंक्चरचे साहित्य, चेन जोडण्याचे हत्यार आणि चार आरे जवळ हवेतच. त्याहून मोठी जबाबदारी निर्णयाची. उंचीचा आजार आधी विचारशक्तीवर घाला घालू शकतो आणि “तुझे पाय लटपटताहेत, थांब” असे सांगणारे शेजारी कोणी नसते. म्हणून डोकेदुखी, मळमळ किंवा तोल जाणे दिसताच चढणे थांबवायचे, हा नियम घरून निघतानाच मनाशी पक्का करावा लागतो.

लाचुलुंग लावरून पांगपर्यंतचा लांब उतार विश्रांतीचा वाटतो, पण तिथे वेगळी सावधगिरी लागते. घामाने ओल्या अंगाला गार वारा झोंबतो, म्हणून माथ्यावरच विंडचीटर आणि जाड हातमोजे चढवायचे. बोटे बधिर झाली तर ब्रेक दाबता येत नाही. ब्रेक सलग दाबून ठेवला की तापतो. वळणाआधी नेटाने दाबून मग सोडून देणे बरे. खडी आणि वाळूच्या पट्ट्यांवर पुढचा ब्रेक हलक्या हातानेच लावावा लागतो.

सुमारे ४,६०० मीटरवरच्या पांगला तंबूंतल्या ढाब्यांत जेवण आणि अंथरूण मिळते. इथे पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते. प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजत नाही. दिवसभरात ५,००० मीटर ओलांडले, तरी झोपण्याची जागा सर्चूहून साडेतीनशे मीटरच उंच असते. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, या सर्वमान्य मर्यादेत हा टप्पा बसतो. पुढे मोरे मैदान आणि ५,३०० मीटरवरचा तांगलांग ला आहे. सकाळी डोके हलके वाटले, तरच त्या दिशेने पेडल मारायचे. दुखत असेल, तर पांगलाच आणखी एक दिवस थांबायचे, आणि त्रास वाढला तर मिळेल त्या वाहनाने खाली उतरायचे.