परतणाऱ्या रक्ताचा दाब

रक्तदाब म्हटला की आपणांस दंडाला बांधावयाचा पट्टा आठवतो. तो दाब हृदयातून निघालेल्या रक्ताचा, रोहिणीतला. शरीरभर फिरून नीलांवाटे हृदयाकडे परतणाऱ्या रक्तालाही दाब असतो. पण तो थोडा, म्हणून त्याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. लहान मुलाच्या हृदयावर शस्त्रक्रिया चालू असता मात्र त्याच्या मेंदूचे भवितव्य या थोड्या दाबावर अवलंबून राहू शकते. ते कसे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी, हृदय व फुप्फुसे यांचे काम यंत्राकडे सोपवून, एका १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयाच्या पडद्यातील छिद्र बुजविले. अशा शस्त्रक्रियेत सामान्यतः वरच्या व खालच्या महानीलेत एकेक नळी घालतात. त्यांतून रक्त यंत्रात येते, प्राणवायू घेते आणि महारोहिणीवाटे शरीरात परत जाते.

मुलांच्या नीला अरुंद. वरची नळी किंचित सरकली, मुडपली किंवा भिंतीला चिकटली की डोक्यातील रक्ताचा परतीचा मार्ग तुंबतो. आता साधा हिशेब करू. मेंदूतून रक्त वाहते ते दोन दाबांतील फरकामुळे. रोहिणीतील सरासरी दाब पाऱ्याचे ४५ मिलिमीटर आणि वरच्या नीलेतील जवळजवळ शून्य असेल, तर फरक ४५. नीलेतील दाब २५ वर गेला, तर उरले केवळ २०. रोहिणीचा आकडा मात्र ४५ च दाखवीत राहतो! मुलाचा चेहरा सुजू लागतो, पण तो चादरीखाली झाकलेला असतो.

म्हणून मानेतील नीलेतून एक बारीक नळी वरच्या महानीलेपर्यंत नेऊन तेथील दाब सतत पडद्यावर पाहतात. यात दोन पथ्ये आहेत. मोजमाप मानेच्या बाजूचेच हवे. मांडीतील नीलेचा आकडा डोक्यातील तुंबारा सांगेलच असे नाही. दुसरे, दाब टिपणारे उपकरण हृदयाच्या पातळीत हवे. ते १० सेंटिमीटर खाली राहिले, तर आकडा सुमारे ७ मिलिमीटरने फुगतो. जेथे मूळ दाबच थोडा, तेथे ही चूक मोठी ठरते.

आकडा चढला तर उपाय पुष्कळदा सोपा असतो: शल्यविशारद नळी जरा मागे घेतात, मुडप सोडवितात. पण त्यांची दृष्टी हृदयावर खिळलेली असते. आकडा दिसतो तो भूल देणाऱ्यांना व यंत्र सांभाळणाऱ्यांना. गिरणीत बॉयलरवरच्या माणसाने काटा पाहून हाक दिली, तर ती हुद्दा न पाहता ऐकावी लागते. येथेही तोच न्याय आहे. ज्याला आकडा दिसतो त्याने तत्काळ बोलावे, आणि ज्याच्या हातात शस्त्र आहे त्याने ते ऐकावे. उपकरण केवळ आकडा दाखविते. मूल वाचते ते या बोलण्या-ऐकण्यामुळे.