रॅमचा वेग वाढवला अन् स्क्रीन काळी पडली: बोर्ड गेला असं लगेच समजू नका

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातलं पाल्हाळ कमी केलंय, बाकी भाषा बोलतानाचीच ठेवलीय.)

सातारा-सांगली पट्ट्यातून एक प्रश्न फार येतो. कराड, विटा, तासगाव, कोरेगाव, गाव कुठलंही असो, गोष्ट तीच. नवी रॅम घातली, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी ऑन केलं, सेव्ह करून बाहेर पडलो आणि त्यानंतर स्क्रीनवर काहीच नाही. पंखे फिरतात, लायटी लागतात, मॉनिटर म्हणतो 'नो सिग्नल'. मग दुकानात नेलं की कुणीतरी सांगतं, "मदरबोर्ड गेला." घरातून कसेबसे जमवलेले पैसे, त्यात हे.

बऱ्याचदा बोर्डाला काही झालेलं नसतं. फक्त सेटिंग अडकलेलं असतं.

आधी एक्सएमपी म्हणजे काय ते बघू. रॅमच्या पाटीवर एक बारकी चिप असते, तिच्यात त्या रॅमची माहिती लिहिलेली असते. बॉक्सवर ३६०० छापलेलं असलं तरी पहिल्यांदा चालू करताना बोर्ड सुरक्षित वेग धरतो, डीडीआर ४ मध्ये साधारण २१३३ ते २६६६, आणि व्होल्टेज १.२. एक्सएमपी ऑन केलं की त्या चिपमधला दुसरा तक्ता वाचला जातो: वेग ३६००, व्होल्टेज बहुतेकदा १.३५, टायमिंग वेगळे. इंटेलनं आणलेली ही सोय. एएमडीनं २०२२ मध्ये डीडीआर ५ साठी स्वतःचं 'एक्सपो' आणलं, काम तेच.

आता गंमत बघा. बॉक्सवरचा वेग हा रॅम बनवणाऱ्याचा शब्द आहे, तुमच्या प्रोसेसरचा नाही. रायझन ५ ५६०० अधिकृतपणे ३२०० पर्यंतच्या रॅमसाठी आहे. त्याच्या पुढं गेलात की ते ओव्हरक्लॉकिंगच. बहुतेक वेळा चालतं, पण चालेलच असं लिहून कुणी देत नाही. आणि एच ६१० चा स्वस्त बोर्ड असेल तर डीडीआर ४ तिथं ३२०० च्या पुढं जातच नाही. महागडी रॅम घेऊन पैसे वाया.

मिरजेला तंबोरे-सतारी बनतात, २०२४ मध्ये त्यांना जीआय मानांकनही मिळालं. तिथल्या कारागिराला विचारा, तार किती ताणायची ते तारेबरोबर भोपळा आणि दांडीही ठरवतात. रॅमचंही तसंच. प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा आणि रॅमच्या चिप्स, तिघांचा सूर जुळावा लागतो. संगणक चालू होताना बोर्ड ही जुळवणी करतो, तिला 'मेमरी ट्रेनिंग' म्हणतात. ती जमली नाही की काळी स्क्रीन.

म्हणून पहिली गोष्ट: थांबा. डीडीआर ५ असेल, त्यातही एएमडीचा एएम५ बोर्ड असेल, तर पहिल्या जुळवणीला कित्येक मिनिटं लागू शकतात. चार पाट्या असतील तर आणखी. पंधरा मिनिटं चहा प्या. मधेच बटण दाबून बंद केलं तर जुळवणी पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडं लाइट जाते हाही मुद्दा आहेच. जुळवणी चालू असताना लाइट गेली, तर बरेच बोर्ड पुढच्या वेळी 'ओव्हरक्लॉकिंग फेल्ड' म्हणतात, रॅम ठणठणीत असली तरी. असा मेसेज एकदाच आला तर घाबरू नका, परत परत आला तर मात्र पुढं वाचा.

बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला बारीक दिवा असतो, तो लागून राहिलाय का बघा. लागलाय तर संशय रॅमवर. संगणक बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. एकच पाटी ठेवा, चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत. बहुतेक बोर्डांवर हीच खाच आधी वापरायची असते, बोर्डाच्या पुस्तकात बघून घ्या.

तरी नाही? मग सीमॉस क्लिअर. बोर्डावर दोन पिनांचा जंपर असतो, प्लग काढलेला असताना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं काही सेकंद जोडा. जंपर सापडला नाही तर सीआर २०३२ ची गोल बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. एक्सएमपी पुसलं जातं, बोर्ड परत सुरक्षित वेगावर येतो.

पण थांबा, हे करण्याआधी एक काम! विंडोज ११ मध्ये ड्राइव्हला बिटलॉकरचं कुलूप असू शकतं, तुम्ही लावलेलं नसलं तरी. सीमॉस क्लिअर केल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती ४८ अंकी की आधी फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात बघून कागदावर लिहून ठेवा. सगळा डेटा जागेवर असून हाती न लागणं, याच्याइतकं वाईट काही नाही.

संगणक चालू झाला की लगेच ३६०० वर उडी नको. एक्सएमपी ऑन ठेवून वेग तेवढा ३२०० करा. चालला तर पायरी पायरीनं वाढवा. व्होल्टेज मात्र कुणाचा तरी व्हिडिओ बघून वाढवत बसू नका.

आता नेहमीचं कारण. आठ जीबीची एक पाटी आधी घेतलेली, दुसरी वर्षभरानं ऑनलाइन सेलमध्ये. कंपनी तीच, मॉडेल तेच. तरी आतल्या चिप्स वेगळ्या निघू शकतात. एक्सएमपीचा आकडा एकत्र तपासलेल्या जोडीपुरता असतो. दोन जोड्या मिळून चार पाट्या केल्या तर कंट्रोलरवर भार वाढतो. रायझन ७००० मध्ये दोन पाट्यांना अधिकृत वेग ५२०० आहे, चार पाट्यांना फक्त ३६००. म्हणून १६ लागणार असतील तर आठ-आठची जोडी एकदमच घ्या.

खरं सांगू का, काळी स्क्रीन परवडली. ती निदान ओरडून सांगते. जास्त धोका संगणक चालू होतो पण रॅम अधूनमधून चुकते, त्याचा. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणारी पोरं इथं बरीच आहेत. कार्डावरून फुटेज कॉपी होतं ते रॅममधूनच जातं. तिथं एक बिट उलटला तर बिघडलेली फाइलच डिस्कवर लिहिली जाते, आणि आपण निर्धास्तपणे कार्ड फॉरमॅट करतो. हळद पुन्हा लागत नाही ना कुणाला!

तेव्हा एक्सएमपी लावल्यावर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर वेग खाली आणा, 'एवढ्यानं काय होतंय' म्हणायचं नाही. आणि जानेवारीत पास झालेली रॅम मे महिन्यात परत तपासा. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे चिमूटभर विद्युतभार. तो सतत गळतो म्हणून डीडीआर ४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत परत भरला जातो. तापमान वाढलं की गळती वाढते. सांगलीत पारा चाळिशीजवळ असताना बंद खोलीतल्या कॅबिनेटमध्ये काय होत असेल बघा.

एवढा खटाटोप कुणी करावा? ५६००जी सारख्या प्रोसेसरवर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना गेम खेळत असाल तर जरूर. तिथं रॅमच्या वेगानं फ्रेम वाढलेल्या दिसतात. टॅली आणि टायपिंग करणाऱ्यानं एक्सएमपी बंद ठेवलं तरी त्याला फरक कळणारही नाही.

बोर्ड दुरुस्तीला न्यायचाच असेल तर आधी एवढं विचारा: "सीमॉस क्लिअर करून, एका पाटीवर चालवून बघितलंत का?" पुढच्या भागात एसएमपीएस, कारण त्याचे प्रश्नही साठलेत.