गुप्तरोग आणि घरांतील मौन

या लेखाचा विषय पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. ‘हें मासिक आमच्या घरीं सुना-मुलें वाचतात,’ असा आक्षेपहि येईल. आमचें नम्र उत्तर इतकेंच कीं, ज्या घरीं सुना-मुलें आहेत त्याच घरासाठीं हा लेख आहे. रोग घराची पायरी चढतांना कुलगोत्र विचारीत नाहीं.

प्रथम आमचीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. मुलगा बुद्धिमान, संस्कृतांत नेहमीं पहिला. बराच वेळ इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर तो मान खालीं घालून म्हणाला, “सर, घरीं माझ्यासाठीं मुली पाहात आहेत, पण माझें मन स्त्रीकडे जातच नाहीं.” आम्हांस कांहीं सुचेना. शेवटीं आम्हीं म्हटलें, “लग्न कर, सारें ठीक होईल.” तो नमस्कार करून निघून गेला. वर्षभरानें तो पुन्हां आला तेव्हां त्याच्या तळहातांवर तांबूस डाग होते. घरच्या डॉक्टरांनीं अंगावर पित्त उठलें असें समजून औषधें दिलीं होतीं. डॉक्टर पडले वडिलांचे स्नेही. त्यांस खरी हकीकत कोण सांगणार? रक्त तपासलें तेव्हां सिफिलिस निघाला. साखरपुडा दोन महिन्यांवर आला होता. आमचा उपदेश त्यानें मुकाट्यानें मानला असता तर एका निरपराध मुलीचें काय झालें असतें, या विचारानें आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

या रोगास बोलीभाषेंत गर्मी म्हणतात. त्याचें स्पष्ट वर्णन सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ ग्रंथांत ‘फिरंगरोग’ या नांवानें आलें आहे. फिरंग्यांच्या संसर्गानें होतो, म्हणून फिरंगरोग. मौज अशी कीं, खुद्द युरोपांत इटलीचे लोक त्यास फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा म्हणत! दोष दुसऱ्याच्या माथीं मारण्याची मनुष्याची खोड सर्वत्र सारखीच. आज तोच दोष कित्येक जण समलिंगी पुरुषांच्या माथीं मारतात. परंतु १९०५ सालीं शाउडिन व हॉफमन या जर्मन शास्त्रज्ञांनीं या रोगाचा जंतु दाखविला, आणि जंतूस देश, जात, पाप, पुण्य कांहीं कळत नाहीं. पुरुषाची ओढ पुरुषाकडे असणें, किंवा स्त्री व पुरुष दोघांकडेहि असणें, हा मुळीं रोगच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालींच समलिंगी ओढ रोगांच्या यादींतून काढून टाकली.

मग अशा पुरुषांत हे रोग अधिक कां आढळतात? कारणें साधीं आहेत. गुदमार्गाचें अस्तर फार नाजूक असतें. त्यास सूक्ष्म ओरखडे सहज पडतात व तेथून जंतु आंत शिरतात. दुसरें, या मंडळींचें वर्तुळ लहान असतें. त्यामुळें एकदां शिरलेला रोग त्यांतच फिरत राहतो. तिसरें कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. तें म्हणजे लपवालपव.

हें मौन रोगास कसें साहाय्य करतें तें पाहा. सिफिलिसचा पहिला व्रण संसर्गानंतर बहुधा तीन आठवड्यांनीं उठतो. तो दुखत नाहीं. गुदद्वारांत किंवा तोंडांत असला तर दिसतहि नाहीं. आणि औषधावांचून आपोआप भरून येतो. पुढें अंगावर, तळहातांवर व तळपायांवर डाग येतात, तेहि जातात. रोगी सुटलों म्हणून निश्चिंत होतो. जंतु मात्र आंत दबा धरून बसतो आणि कित्येक वर्षांनीं मेंदू, डोळे व हृदय यांवर घाला घालतो. परमा आणि क्लॅमिडिया यांची तऱ्हा याहून विलक्षण. हे रोग घशांत व गुदमार्गांत निमूटपणें राहूं शकतात. तेथें असतां नुसत्या लघवीच्या तपासणींत सांपडत नाहींत. त्या त्या जागेचा स्राव कापसाच्या बोळ्यानें घेऊन तपासावा लागतो. आतां ज्या डॉक्टरास संबंध कोणाशीं व कसा आला हें सांगितलेंच नाहीं, तो घसा कां तपासील? म्हणून वैद्यापुढें खरें बोलणें हा येथें उपचाराचा पहिला भाग आहे.

निदान झाल्यावर मात्र भिण्याचें कारण थोडें. जुने वैद्य पाऱ्याचीं औषधें देत. त्यांनीं रोग्याचे हाल होत. १९४३ सालीं पेनिसिलिनचा गुण दिसून आला आणि हें संकट टळलें. रोग नवा असतां बेंझाथिन पेनिसिलिनची एकच मात्रा बहुधा पुरते. पुढें कांहीं महिने रक्त तपासून खात्री मात्र करावी लागते. परम्याच्या जंतूस जुनीं औषधें जुमानीनाशीं झालीं आहेत. तेव्हां दुकानांतून आपल्या मतीनें गोळ्या घेणें धोक्याचें.

एच. आय. व्ही. चें नांव काढतांच घरेंच्या घरें हादरतात. एड्सचे पहिले रोगी १९८१ सालीं अमेरिकेंत नोंदले गेले. आपल्या देशांत हा विषाणु १९८६ सालीं मद्रासेस आढळला. त्या काळची भीति खरी होती. परंतु सरकारनें २००४ पासून मोफत औषधें देण्यास आरंभ केला, आणि तीं नियमानें घेणारा मनुष्य आज दीर्घकाळ जगतो. त्याच्या रक्तांतील विषाणु तपासणींत न दिसण्याइतके उणे झाले व तसेच राहिले, तर संभोगानें तो रोग दुसऱ्यास जात नाहीं, हें सिद्ध झालें आहे. ही गोष्ट घरोघर ठाऊक असावयास हवी.

प्रतिबंधाचे नियम थोडे व सुलभ आहेत. निरोध प्रत्येक वेळीं वापरावा. त्याबरोबर पाण्याचें वंगण घ्यावें. खोबरेल किंवा व्हॅसलिन लाविल्यास रबर कमकुवत होऊन निरोध फाटतो. कावीळ ब आणि एच. पी. व्ही. यांवर लसी आहेत. त्यांविषयीं डॉक्टरांस विचारावें. एच. आय. व्ही. चा संसर्ग होऊं नये म्हणून आधींपासून घ्यावयाच्या गोळ्या आहेत. चुकून धोक्याचा संबंध घडलाच, तर ७२ तासांच्या आंत गोळ्या सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. जितकें लौकर तितकें बरें. एकाहून अधिक पुरुषांशीं संबंध असणारानें दर तीन ते सहा महिन्यांनीं तपासणी करावी, लक्षण असो वा नसो. आणि रोग निघाल्यास जोडीदारासहि कळवावें. एकानेंच औषध घेतलें तर रोग परतून येतो. सरकारी रुग्णालयांतून ‘सुरक्षा क्लिनिक’ या नांवाचे विभाग आहेत. १०९७ या क्रमांकावर दूरध्वनीनें फुकट माहितीहि मिळते.

आतां वडीलधाऱ्या मंडळींशीं दोन शब्द. मुलाची ओढ बदलावी म्हणून त्याचें लग्न लावून देणें हें औषध नव्हे. ओढ तशीच राहते, फक्त चोरटी होते. आणि रोग असल्यास तो सुनेस जातो. गरोदरपणीं सिफिलिस असून उपचार न झाले तर गर्भ दगावतो किंवा मूल रोग घेऊनच जन्मास येतें. म्हणून ज्या पुरुषाचा ओढा दोघांकडेहि आहे व जो संसार करीत आहे, त्यानें स्वतःची तपासणी टाळणें हें पत्नीशीं व पोटच्या मुलाशीं वैर होय.

या विषयावर मराठींत बोलणें नवें नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविलें. वाचकांच्या खाजगी प्रश्नांस उत्तरें दिलीं म्हणून १९३४ सालीं त्यांजवर खटला झाला; त्यांचें वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनीं घेतलें. खटला हरला, दंड झाला. आज तसें भय उरलें नाहीं. प्रौढ पुरुषांचा संमतीचा संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं दिला, आणि एच. आय. व्ही. विषयींचा २०१७ चा कायदा रोग्याची गुप्तता राखण्यास सांगतो. कायदा पुढें गेला. आपलें माजघर मागें कां राहावें?

आमच्या त्या विद्यार्थ्याबरोबर आम्ही स्वतः रुग्णालयांत गेलों. आमच्या चुकीचें तेवढेंच प्रायश्चित्त. मग त्यानें घरीं आईस सारें सांगितलें व साखरपुडा होऊं दिला नाहीं. आई दोन दिवस कोणाशीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं पानांत भात वाढतां वाढतां तिनें विचारलें, “पुढची रक्ततपासणी कधीं आहे रे?” तो आम्हांस म्हणाला, “सर, त्या दिवशीं मी कित्येक महिन्यांनीं पोटभर जेवलों.”