गोचीड आपोआपही गळतो

सिंधुदुर्गातले दोडामार्ग, बांदा, पलीकडे गोव्यातला सत्तरी तालुका. डिसेंबर उजाडला की या भागातल्या आरोग्य केंद्रांना माकडतापाची धास्ती लागते, आणि ती काजूचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मे महिन्यापर्यंत राहते. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसेही तापाने फणफणली, तेव्हा या तापाच्या विषाणूचा शोध लागला. तो पसरतो गोचिडांमुळे. गोव्यात २०१५ आणि सिंधुदुर्गात २०१६ पासून रुग्ण सापडत आहेत. म्हणून आपल्याकडे ‘गोचीड चावला, काय करू?’ हा प्रश्न फक्त कुत्रा-मांजर पाळणाऱ्यांचा उरलेला नाही.

या प्रश्नाला हमखास मिळणारे एक उत्तर म्हणजे होमिओपॅथीच्या गोळ्या. टोचलेल्या, चावलेल्या जखमांवर ‘लेडम’ द्यायचे, ही त्या पद्धतीची जुनी परंपरा. लेडम ही उत्तर युरोपातली दलदलीत वाढणारी वनस्पती. माणसाला द्या, कुत्र्याला द्या, गाईला पाण्यातून द्या. गोचीड गळतो आणि पुढचा आजारही टळतो, असे सांगतात. सांगणारे खोटे बोलत नसतात. त्यांनी गोळ्या दिलेल्या असतात, गोचीड गळालेला असतो आणि आजारही झालेला नसतो. गफलत आहे ती या तीन गोष्टी एकमेकींना जोडण्यात.

“गोळ्या दिल्या आणि गोचीड गळाले”

गोचीड जनावराच्या अंगावर कायमचा मुक्काम करत नाही. आपल्या गाईगुरांवर सर्रास दिसणारी जात अळी असताना अंगावर चढते आणि त्याच जनावरावर वाढून साधारण तीन आठवड्यांत काम उरकते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी स्वतःहून खाली पडते आणि जमिनीवर दोन-तीन हजार अंडी घालते. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड तर आठवडाभर रक्त पितो, उतरतो आणि भिंतीच्या फटीत जाऊन बसतो. त्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्यावर नव्हे, घरातच जातो.

आता बघा, आपण औषध शोधायला कधी निघतो? गोचीड फुगून वाटाण्याएवढे दिसू लागतात तेव्हा. म्हणजे नेमके ते गळायच्या बेतात असताना. त्या दिवशी गूळ चारला असता तरी दोन दिवसांनी गूळच गुणकारी ठरला असता. पुढच्या महिन्यात गोठ्यातल्या अंड्यांतून नवी फौज चढते, तेव्हा मात्र ‘मात्रा पुन्हा द्यायला हवी’ असे म्हटले जाते.

“लेडम घेतले, म्हणून लाईम झाला नाही”

हा दावा मुळात अमेरिकेतला. लाईम आजार तिथल्या ईशान्येकडच्या राज्यांत जास्त, त्यात न्यू जर्सीही येते. तिथे मराठी वस्ती मोठी असल्यामुळे नातेवाइकांकडून हा सल्ला इकडेही पोचतो. भारतात गोचिडांच्या बाबतीत लाईम ही मुख्य काळजी नाही, पण या दाव्याची तपासणी करायला एक फार चांगला अभ्यास हाताशी आहे.

न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर भागात, जिथे हा आजार मुबलक आहे, तिथे ज्यांना गोचीड चावल्याला ७२ तास उलटले नव्हते अशा माणसांचे दोन गट केले गेले. एका गटाला डॉक्सिसायक्लीन या प्रतिजैविकाची एकच मात्रा, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. २००१ साली निष्कर्ष छापून आले. औषधाच्या गटात २३५ पैकी एकालाच चाव्याच्या जागी लाईमचा पसरता लाल चट्टा उठला, नुसत्या गोळीच्या गटात २४७ पैकी आठ जणांना.

बहुतेक लोक यातला पहिला आकडा लक्षात ठेवतात. होमिओपॅथीच्या संदर्भात दुसरा आकडा जास्त बोलका आहे. ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांतले २३९ जण ठणठणीत राहिले. त्यांच्या हातात लेडमची बाटली दिली असती तर ‘शंभरात ९७ जणांना गुण’ अशी जाहिरात करता आली असती! प्रत्येक गोचिडात रोगजंतू नसतो, आणि असला तरी तो आत शिरायला वेळ लागतो. लाईमचा जंतू यायला साधारण दीड दिवस गोचीड चिकटून असावा लागतो. लवकर काढून टाकला, की निम्मी लढाई तिथेच जिंकलेली असते.

माकडतापात तर याहून मोठा चकवा आहे. चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांत अचानक ताप, डोके फुटेल असे दुखणे, अंगदुखी, कधी रक्तस्राव. आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेकांचा ताप उतरतो. मधल्या काळात माणूस बरा झाल्यासारखा वाटतो. पण दहा ते वीस टक्के रुग्णांत तो परत उलटतो आणि या वेळी थरथर, दृष्टीचा त्रास, भ्रम अशी मेंदूशी संबंधित लक्षणे घेऊन येतो. पहिला ताप उतरताना जी गोळी चालू असेल तिला श्रेय मिळते, आणि रुग्ण ‘बरा झाला’ म्हणून पुन्हा बागेत कामाला जातो. या आजारात शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात.

“सूक्ष्म मात्रा म्हणजे लसच की!”

होमिओपॅथीचा जनक हानेमान याने सांगितलेल्या कृतीत मूळ अर्काचा एक भाग ९९ भाग पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये मिसळून हलवायचा, त्यातला एक भाग पुन्हा ९९ भागांत. असे तीस वेळा केले की ‘३०’ची, दोनशे वेळा केले की ‘२००’ची शक्ती. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ वनस्पतीचा एकही रेणू बाटलीत उरण्याची शक्यता संपत आलेली असते. यात हानेमानला दोष देण्यात अर्थ नाही. तो १८४३ मध्ये वारला, आणि रेणू किती असतात याचा पहिला अंदाज लोश्मिट या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये बांधला. आज ते गणित शाळेत शिकवतात.

रोगजंतूपासूनच अशी पातळ औषधे बनवतात, त्यांना नोसोड म्हणतात. कुत्र्यांच्या गोचीडतापासाठीही ती विकली जातात. लशीशी त्यांची तुलना नेहमी होते, पण लशीत प्रतिकारशक्तीला ओळखता येईल इतका जंतूचा अंश मोजून घातलेला असतो. कॅनडात दीडशे विद्यार्थ्यांवर याची थेट चाचणी झाली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, गोवर, गालगुंड यांचे नोसोड घेतलेल्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे वाढली नाहीत. नेहमीची लस घेतलेल्यांची वाढली.

माकडतापाच्या लशीची गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुनी लस अपुरी पडत असल्याने तिचा वापर थांबवला गेला, नवीवर काम चालू आहे. विषाणूवर नेमके औषधही नाही. पण एका ठिकाणी औषध नाही, म्हणून दुसऱ्या बाटलीत ते आपोआप तयार होत नाही.

“जनावराला काय कळते? त्याला गुण येतो म्हणजे औषध खरेच”

हा युक्तिवाद सर्वांत पटण्याजोगा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. गाईला अपेक्षा नसते, कबूल. पण गाय बरी झाली की नाही हे ठरवते कोण? आपणच. संधिवाताने लंगडणाऱ्या कुत्र्यांवरचा अमेरिकेतला २०१२ चा एक अभ्यास आहे. औषध नसलेली गोळी मिळालेल्या कुत्र्यांच्या पायावर पडणारा भार यंत्राने मोजला. यंत्राला सुधारणा दिसत नव्हती तेव्हाही मालकांना, आणि गंमत म्हणजे पशुवैद्यांनाही, अनेकदा सुधारणा दिसत होती. माया असली की डोळे असेच वागतात.

“निदान अपाय तरी नाही”

पाण्यासारख्या गोळीने अपाय होत नाही, तो वाया गेलेल्या दिवसांनी होतो. महाराष्ट्रात गोचिडांमुळे एक टायफसही होतो. ताप, मग अंगावर पुरळ, बहुतेकदा तळहात-तळपायांवरही. डॉक्सिसायक्लीन वेळेत मिळाले तर ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे, फुप्फुसे, मेंदू धोक्यात येतात. हे औषध स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावी मिळते.

गोठ्यात हाच हिशेब पैशांत दिसतो. थायलेरिया, म्हणजे शेतकरी ज्याला गोचीडताप म्हणतात, तो देशी गाईपेक्षा जर्सी-होल्स्टीनच्या संकरित गाईला जास्त झोडपतो. तीव्र ताप, सुजलेल्या गाठी, दूध एकदम आटणे. बुपारव्हाक्वोनचे इंजेक्शन सुरुवातीला दिले तर गाय वाचते. रक्त कमी होऊन डोळे पांढरे पडल्यावर दिले तर भरवसा नाही. लघवी लाल-काळी होत असेल तर बहुधा बॅबेसिया, त्याचे औषध वेगळे. कोणता जंतू आहे हे रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कळते.

शेतकरी गोड गोळ्यांकडे का वळतो, हेही समजण्यासारखे आहे. बुटॉक्ससारखे फवारे अंदाजपंचे मिसळून वापरल्याने जनावरांना बाधा होते, आणि त्यांतल्या डेल्टामेथ्रिनला न जुमानणारे गोचीड आता भारतात अनेक ठिकाणी सापडतात. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला लावले तर मांजराच्या जिवावर बेतते. कॉलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनची जास्त मात्रा सोसत नाही. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यावर उपाय म्हणजे मात्रा मोजणे, पशुवैद्याला विचारून औषध बदलणे, आणि जनावराइतकेच लक्ष गोठ्याच्या फटी बुजवण्याकडे देणे.

रॉकेल, काडेपेटी आणि नख

अंगाला चिकटलेल्या गोचिडावर रॉकेल ओतणे, त्याला जळती काडी लावणे, व्हॅसलीन थापणे, हे उपाय होमिओपॅथीचे नाहीत, घराघरांतले आहेत, आणि जास्त वाईट. गोचीड डिवचला की तो पोटातले द्रव जखमेत सोडू शकतो. टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायचे आणि पीळ न देता सरळ वर ओढायचे, इतकेच. तोंडाचा काटेरी भाग कधी आत राहतो. ‘मुंडके राहिले, आता विष चढणार’ म्हणून सुईने उकरत बसू नये. कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. जागा साबणाने धुवावी. नखांवर गोचीड चिरडायची गोठ्यातली सवय मात्र सोडायलाच हवी. गुजरातेत २०११ पासून आढळणारा क्रिमियन-काँगो ताप चाव्यातून होतो तसाच चिरडलेल्या गोचिडाच्या द्रवातूनही होऊ शकतो.

खेड्यात पहिला भेटणारा डॉक्टर पुष्कळदा होमिओपॅथीचाच पदवीधर असतो, आणि रात्री-अपरात्री दार उघडतो तोही तोच. त्याला नावे ठेवून कुणाचे भले होत नाही. त्याच्याकडेच जा, पण ताप आला की हे न विसरता सांगा: जंगलात किंवा काजूच्या बागेत कधी गेला होता, गोचीड कधी काढला, आसपास माकड मेलेले दिसले का. मेलेल्या माकडाला हात लावू नये, त्याच्यावरचे गोचीड उतरून आजूबाजूच्या पाचोळ्यात पसरलेले असतात. आरोग्य केंद्राला कळवावे. आणि रक्ताचा नमुना पहिल्या आठवड्यातच द्यावा. तेव्हा विषाणू थेट सापडतो, नंतर फक्त त्याच्या प्रतिपिंडांचा माग काढावा लागतो.