चला, कार्ल्याचे लेणे पाहू या

नवीन पनवेलच्या आसपास सुकापूर, आदई, विचुंबे, नेरे अशी पुष्कळ गावे आहेत. या गावांतल्या आगरी-कोळी मंडळींना एकवीरा आईचे नाव नव्याने सांगायला नको. ती त्यांची कुलदेवता. चैत्रात पालख्या घेऊन माणसे कार्ल्याचा डोंगर चढतात. कोणी नवस फेडायला जाते, कोणी नव्या नवरा-नवरीला आईच्या पाया पाडायला नेते. ओटी भरतात, प्रसाद घेतात आणि डोंगर उतरून घरी येतात.

पण आईच्या देवळाला लागूनच एक मोठे लेणे आहे. ते किती जण आत जाऊन नीट पाहतात? "जुनी गुहा आहे काहीतरी," असे म्हणून बरेच जण बाहेरूनच परततात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ना, तशातली गत झाली.

आज आम्ही तुम्हांला या लेण्याची माहिती सांगणार आहोत. ते कोणी केले, कसे केले, तिथे काय वाचायचे आणि एका दिवसात पाहून परत कसे यायचे, हे सारे पाहू.

लेणे म्हणजे काय?

घर आपण बांधतो. खालून वर जातो. आधी पाया, मग भिंती, मग छप्पर. लेणे बांधत नाहीत, ते कोरतात. त्याचे काम उलटे. डोंगराचा काळा कातळ घ्यायचा आणि वरून खाली कोरत यायचे. आधी छत, मग खांब आणि भिंती, शेवटी जमीन. मध्येच सोडून दिलेली लेणी पाहिली की कामाची ही रीत कळते.

या कामात एक मोठी जोखीम असते. बांधकामात दगड चुकला तर काढून दुसरा बसवता येतो. लेण्यात खांबाचा टवका उडाला तर तो परत चिकटवायचा कसा? छिन्नीचा प्रत्येक घाव मोजून मारावा लागतो.

कार्ल्याचे मोठे लेणे सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे आहे. त्याची लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी ४५ फूट आणि उंचीही ४५ फूट. चार मजली इमारत आत मावेल, एवढा पोकळ भाग माणसांनी हाताने कोरून काढला. या जातीच्या लेण्यांत भारतात याहून मोठे दुसरे नाही.

हे बौद्ध भिक्षूंचे प्रार्थनेचे ठिकाण होते. अशा लेण्याला चैत्यगृह म्हणतात. आत टोकाला अर्धगोल घुमटासारखा दगडी स्तूप आहे. भिक्षू स्तूपाला प्रदक्षिणा घालीत. शेजारच्या लहान लेण्यांत ते राहत. त्यांना विहार म्हणतात. आजही बौद्ध बांधवांना ही जागा वंदनीय आहे.

ही जागाच का निवडली?

पनवेलहून आपण बोरघाट चढून लोणावळ्याला जातो. घाटाची ही वाट फार जुनी. सोपारा, कल्याण, चौल ही कोकणातली जुनी बंदरे. तिथे जहाजांनी माल उतरे. तो बैलांच्या पाठीवर लादून व्यापारी तांडे घाटावर नेत, घाटावरचा माल खाली आणीत. या वाटेवर भिक्षूंचे विहार होते. व्यापाऱ्यांनी आणि वाटसरूंनी त्यांना दान द्यावे, भिक्षूंनी त्यांना धर्म सांगावा, असा व्यवहार होता. म्हणून घाटमाथ्याच्या जवळ कार्ले, भाजे, बेडसे अशी लेणी झाली.

पावसाळ्याचे महिने भिक्षू एका जागी राहत. त्यांच्या पोटापाण्यासाठी उषवदात नावाच्या अधिकाऱ्याने करजिक नावाचे गाव दिले. तो नहपान राजाचा जावई. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. राज्य बदलले, पण भिक्षूंचे गाव नव्या राजानेही चालू ठेवले. गावाच्या दानाची ही हकीकत लेण्याच्या भिंतीवर लिहिलेली आहे. जमिनीचा कागद आपण पेटीत जपून ठेवतो. त्यांनी आपला कागद दगडावरच कोरला!

हे लेणे केले कोणी?

पांडवांनी एका रात्रीत सारे उभे केले, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. गोष्ट म्हणून ती गोड आहे. पण लेण्यानेच आपली हकीकत लिहून ठेवली आहे. ती वाचली की कळते, हे एका रात्रीचे काम नाही आणि एका माणसाचेही नाही.

ओवरीत एक लेख आहे. वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या शेठने हे काम पुरे करविले, असे तो सांगतो. वैजयंती म्हणजे कर्नाटकातले आजचे बनवासी. साऱ्या जंबुद्वीपात, म्हणजे भारतात, हे उत्तम शिलागृह आहे, अशी फुशारकीही त्यात आहे. लेणे पाहिल्यावर तिचा राग येत नाही.

पण एकट्या शेठचा पैसा पुरला नाही. आतले खांब एकेका माणसाने दिले आहेत. आपण देवळाला पायरी देतो, घंटा देतो, तसेच ते दान. कोणी दिले पाहा:

धेनुकाकट गावच्या सिंहदत नावाच्या अत्तरवाल्याने दाराचे काम दिले.

त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले. त्याने आपल्या बापाचे नावही लिहविले आहे. ते वेणुवास.

कोडी नावाच्या भिक्षुणीने कठड्याची नक्षी दिली. ती घुणिकाची आई. ज्याने ती नक्षी कोरली त्या कारागिराचे नावही शेजारी आहे. तो नंदिक.

सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भिक्षूने एक खांब दिला. तो भाणक होता. भाणक म्हणजे धर्मग्रंथ तोंडपाठ म्हणणारा.

यवनांनीही खांब दिले. ग्रीक आणि पश्चिमेकडून आलेल्या लोकांना तेव्हा यवन म्हणत.

पाहा मंडळी, राजाचे नाव आहे तसे सुताराचेही आहे. शेठचे आहे तसे एका आईचेही आहे. राजांची नावे पुस्तकांत मिळतात. सामी सुताराचे नाव मात्र या दगडाने राखले.

ही अक्षरे वाचली कोणी?

लेण्यातली अक्षरे आपल्या अक्षरांसारखी दिसत नाहीत. ती ब्राह्मी लिपी आहे. भाषा प्राकृत, म्हणजे त्या काळची लोकांची भाषा. आपली मराठी प्राकृतातूनच आली आणि आपली देवनागरी लिपी ब्राह्मीतूनच घडत आली.

मधल्या काळात ही अक्षरे वाचणारे कोणी उरले नव्हते. शेकडो वर्षे माणसे ती नुसती बघत. मग १८३७ साली जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कोडे सोडविले. तो कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करी. मध्य प्रदेशात सांची येथे मोठा स्तूप आहे. तिथल्या दगडी कठड्यावरच्या पुष्कळ लहान लेखांचे ठसे त्याने पाहिले. बहुतेक सारे लेख त्याच दोन अक्षरांनी संपत होते. तो विचार करू लागला. देवस्थानात माणसे एकेक दगड देतात आणि शेवटी काय लिहितात? "अमक्याचे दान!" ती दोन अक्षरे म्हणजे 'दानं'. ही किल्ली हाती आली आणि कुलूप उघडले.

तोच शब्द कार्ल्याच्या खांबांवर आहे. आणखीही ओळखीचे शब्द तिथे भेटतात. 'घर' हा शब्द तर आजचाच. 'सेठी' म्हणजे आपला शेठ. 'गंधिक' म्हणजे गंध, अत्तर विकणारा. 'थभ' म्हणजे स्तंभ, खांब.

अक्षरेही सारीच परकी नाहीत. ब्राह्मीतला 'ठ' म्हणजे नुसता गोल. तुम्ही पाटीवर 'ठ' गिरविता, त्याच्या पोटात तो गोल अजून आहे. 'ट' म्हणजे अर्धा गोल. तोही आपल्या 'ट' मध्ये सापडेल. घरी एकदा पाटीवर काढून पाहा.

जाणता माणूस बरोबर घ्या

लेणे एकट्याने पाहिले तर नुसते दगड दिसतात. माहितगार माणूस बरोबर असला की तेच दगड बोलू लागतात. गावातले शाळामास्तर, इतिहास शिकलेला एखादा मुलगा किंवा तिथला वाटाड्या बरोबर घ्या. वाटाड्याचे पैसे आधी ठरवा. दहा-पंधरा जण मिळून गेला तर प्रत्येकाला थोडेच पडतात.

त्याला प्रश्न विचारायला लाजू नका. "हे कशावरून?" असे जरूर विचारा. चांगला वाटाड्या लेखाकडे बोट दाखवील. जो नुसत्या चमत्काराच्या गोष्टी सांगेल, त्याचे ऐका, पण तपासून घ्या.

पाहायचे ते या क्रमाने पाहा. आधी बाहेर डाव्या हाताचा उंच खांब. त्यावर चार सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत. हा गोतीचा मुलगा अग्निमित्रणक याने दिला. तो महारठी म्हणजे मोठा सरदार होता.

मग ओवरी. तिथे हत्ती आहेत, स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. बुद्धाच्या मूर्तीही आहेत, पण त्या पुढच्या काळात कोरलेल्या. दारावर घोड्याच्या नालेसारखी मोठी खिडकी आहे. तिच्यातून उजेड थेट आतल्या स्तूपाकडे जातो.

आत गेल्यावर थोडा वेळ गप्प उभे राहा. डोळे अंधाराला सरावू द्या. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब दिसतील. त्यांच्या माथ्यावर हत्ती आणि हत्तींवर माणसे. स्तूपाच्या मागे सात खांब आहेत, ते साधे.

आता मान वर करा. छताला लाकडाच्या कमानी दिसतील. त्यांतले पुष्कळ लाकूड मूळचे, लेण्याच्या वेळचे आहे. स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच. दगडाच्या छताला लाकडाचा आधार कशाला? आधार नाहीच तो. पूर्वी अशी प्रार्थनाघरे लाकडाची बांधीत. लोकांच्या डोळ्यांना ते रूप सवयीचे होते. म्हणून दगडातही तेच ठेवले.

कसे जायचे?

नवीन पनवेलहून कार्ले सुमारे ५० ते ५५ किलोमीटर आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौक, खोपोली, खंडाळा, लोणावळा असे जावे. लोणावळ्याच्या पुढे कार्ला फाटा लागतो. तिथे डावीकडे वळून वेहेरगावला जायचे. एसटीने जायचे तर पनवेलहून लोणावळ्याला थांबणारी गाडी विचारून बसा. पुढे रिक्षा मिळते. आगगाडीने गेला तर लोणावळ्यापुढचे मळवली स्टेशन जवळचे.

सकाळी लवकर निघा. उन्हाआधी डोंगर चढून होतो. पायऱ्या पुष्कळ आहेत. म्हाताऱ्या माणसांना घाई करू नका. पाणी आणि भाकरी बरोबर ठेवा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा जपून. चैत्राच्या यात्रेत आणि नवरात्रात फार गर्दी असते. लेणेच पाहायचे असेल तर मधला साधा दिवस धरा. लेण्याला सरकारी तिकीट आहे. १५ वर्षांखालील मुलांना ते लागत नाही.

दगडावर नाव कोरू नका

लेण्यांच्या भिंतींवर कुठे कुठे आजकालची नावे खरवडलेली दिसतात. कोणी म्हणेल, "जुन्या लोकांनी नावे कोरली, मग आम्ही का नाही?"

जुन्या लोकांनी आधी खांब दिला, मग नाव लिहिले. आपण खांब देत नाही, उलट त्यांचा खांब खरवडतो. कातळाचा वरचा थर एकदा गेला की त्यावरचे अक्षर गेले. सामी सुताराच्या नावावर कोणी आपले नाव ओढले, तर सामी दुसरीकडे कुठे सापडायचा? त्याचा दुसरा कागद नाही.

अक्षर नीट दिसावे म्हणून कोणी त्यावर खडू फासतात, पाणी मारतात. तेही करू नका, वाटाड्यालाही करू देऊ नका. तिरपा उजेड पडला की अक्षर आपोआप उठून दिसते. हे लेणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. अशा वास्तूची नासधूस करणाऱ्याला १९५८ च्या कायद्याने शिक्षा आहे. २०१० साली ती वाढविली. आता दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

नाव लिहायचे तर वहीत लिहा. घरी आल्यावर त्याच वहीत दान देणाऱ्यांची नावेही लिहा: सिंहदत अत्तरवाला, सामी सुतार, नंदिक कारागीर, घुणिकाची आई कोडी. मुलांना ती वाचून दाखवा. आणि पुढच्या वेळी आईच्या दर्शनाला जाल, तेव्हा तासभर जास्त हाताशी ठेवा. दर्शन झाले की शेजारच्या लेण्यात जा आणि मुलांना तो खांब, ती अक्षरे दाखवा.